इतर

धरणगाव. दुपारचे साडेतीन, पारा पंचेचाळीसला टेकलेला.
टॅबवर पशुगणनेचा रकाना उघडा:
देशी, सुधारित, इतर.
एका वेळी एकच निवडा.

रज्जाकबाबा पिंजारींनी ओल्या गोणपाटाचा पडदा सारला
आणि आधी बाहेर आली एक दाढी,
मग दाढीमागून कोंबडा.
डोक्यावर पिसांचा एवढा झुबका
की त्याला मी दिसले नाही, भिंतही दिसली नाही.
भिंतीला धडकून तो भिंतीवरच रागावला.
"हाऊ नगरसेवक शे," बाबा म्हणाले.

मग उघड्या मानेची तांबडी,
जणू कुणी सोलायला घेऊन अर्ध्यात विचार बदलला.
तिला मे महिन्याचं काहीच वाटत नाही.
वाटतं ते ब्रह्माला.
पायांच्या बोटांपर्यंत पिसं, पायजमा घातल्यासारखी,
पोट ओल्या फरशीवर, चोच उघडी;
चुकीच्या स्टेशनावर उतरलेला जाडजूड पाहुणा.
त्याच्यासाठी दुपारभर माठ रिकामा होतो.

असील वेगळ्या टोपलीखाली.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात.
याला झाकलं नाही
तर बाकीच्यांचं उजाडत नाही.

मी लिहीत गेले, खोडत गेले.
उलट्या पिसांची ती कुठे घालू?
तिचं प्रत्येक पीस पाठीवरून मागे वळलेलं,
वारा नसतानाही वाऱ्याशी भांडून आल्यासारखं.
"सुधारित?" मी विचारलं.
बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.
"नही बहीन. इन्ही सुधरानी काही आशा नही."

भिंतीवर पिंजण टांगलेलं, तात सैल.
फोमच्या गाद्या आल्या त्या वर्षी शेवटचं वाजलं.
खाली कोपऱ्यात पांढरा ढीग,
मला वाटलं उरलेली रुई.
रुईने डोळा उघडला.

"हाई मन्ही शेवटली गादी शे."

पिसं नाहीतच, नुसता पिंजलेला कापूस,
आत काळी कातडी, पायाला पाचवं बोट,
उडण्याचं नाव नाही.
तिच्या पोटाखाली काहीही ठेवा, ती बसते.
बदकाचं अंडं, गिनीचं, नगरसेवकाच्या घरचं.
एकदा नातवाने बटाटा ठेवला.
एकवीस दिवस बसली बटाट्यावर.
काढून घेतला तेव्हा दोन दिवस दाण्याला शिवली नाही.
तो बटाटा घरात कुणी चिरला नाही.

कुणाचं अंडं, ती विचारत नाही.
बाबांनीही विचारलं नव्हतं कधी,
कुठल्या शेतातली रुई, कुठल्या लग्नातली गादी;
पिंजलं, भरलं, टाके घातले,
रात्री दाढीतला कापूस झटकला आणि झोपले.

सहा वाजून गेले, मी अजून तिथेच.
तिने उबवलेल्या सात गिनी कोंबड्या,
आता राखाडी, ठिपक्याठिपक्यांच्या, तिच्याहून मोठ्या,
एकापाठोपाठ एक लिंबावर उडाल्या.
ती बुंध्याशी आली. मान वर. एक हाक.
वरून उत्तर आलं,
गंजलेली हापशी सात जणांनी एकदम ओढावी तसं.
तिने बुंध्याला फेरी घातली,
मग कापूस पसरून बसली,
खाली नुसती धूळ.
फांदीवरून ठिपक्यांचं एक पीस पडलं.
चोचीने ओढून तिने ते पोटाखाली घेतलं.

"रोजनंच शे," बाबा म्हणाले,
आणि उशीसारखी तिला काखेत घेऊन आत गेले.

मी 'इतर' दाबलं. संख्या: तेवीस.
टॅबने विचारलं, खात्री आहे?
टोपलीखालून असीलने अवेळी बांग दिली.
धरणगावात नेटवर्कची एकच रेघ,
आणि काचेवर ते चाक गोल गोल फिरत राहिलं:
जतन होत आहे.
जतन होत आहे.